सासवण्याचा एक दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या पन्नास वर्षांचा आढावा घेण्याचे काम प्रथम आमच्याकडे आले होते. ते आम्ही चिटणीसांकडे नम्रपणे परत केले. गणेशोत्सव किती झाले, नाटके किती बसवली आणि त्यांतली किती खरोखर रंगभूमीवर आली, हे सारे अहवालात छापले आहे. आम्हाला एकाच दिवसाची हकीकत सांगायची आहे. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर आपल्यापैकी एकवीस माणसे मुंबईहून लाँचने अलिबाग तालुक्यातल्या सासवणे या गावी जाऊन आली, त्या दिवसाची. त्या एकविसांतले पुष्कळजण इथे बसले आहेत. आमच्या सांगण्यात त्यांना चुका आढळल्या तर त्या त्यांनी चहाच्या वेळी सांगाव्यात, आत्ता नव्हे.

मंडळातल्या एका मुलाच्या लग्नासाठी आपण सगळे कलकत्त्याहून मुंबईला गेलो होतो. लग्न आटोपले, परतीच्या गाडीला एक दिवस अवकाश होता. घारापुरीची लेणी बहुतेकांनी पाहिलेली. तेव्हा आम्ही सासवण्याचे नाव काढले. शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचे ते गाव. त्यांचे घर आणि त्यातला शिल्पसंग्रह तिथे आहे, आणि या गृहस्थांचे आपल्या कलकत्त्याशी जुने नाते आहे, एवढे ऐकताच मंडळी तयार झाली. समुद्रकिनारा आहे म्हटल्यावर मुलेही तयार झाली.

तयार झाल्या नाहीत त्या एकट्या आत्या. मंडळात लहानथोर सारे ज्यांना आत्या म्हणतात आणि शेजारपाजारचे बंगाली लोक माशीमा म्हणतात, त्या. हे सारे त्यांच्या परवानगीनेच सांगत आहोत. वय सांगू नये एवढीच त्यांची अट आहे, म्हणून ते सांगत नाही. पुढे एक साल येईल, त्यावरून ज्याने त्याने हिशेब करावा. आत्यांचे माहेर आवास. सासवण्याला लागूनच ते गाव, अष्टागरातल्या आठांपैकी एक. म्हणजे सर्वांत आधी त्यांनीच उठून पिशवी भरायला हवी होती. पण लाँचने जायचे हे कळताच त्या म्हणाल्या, ‘‘मी पाण्यातून येणार नाही.’’ आणि गप्प झाल्या. आत्या गप्प बसल्याची मंडळाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

कारण रात्री कळले. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत काशाच्या खडकाजवळ उलटली. पावसाळ्याचे दिवस, अमावास्येच्या सणाला घरी निघालेली माणसे, बोट खच्चून भरलेली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांतून काहींना वाचवले. देश स्वतंत्र व्हायला महिनाही उरला नव्हता, आणि त्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत पंधरा ऑगस्ट सुतकातच उजाडला असेल. त्या बोटीत आत्यांचे मामा होते. आत्या तेव्हा नऊ वर्षांच्या. मामा येणार म्हणून सकाळपासून त्या ओटीवर बसल्या होत्या. संध्याकाळी लोक किनाऱ्याकडे धावू लागले, तेव्हा कुणीतरी त्यांना उचलून माजघरात नेऊन बसवले. पुढे लग्न होऊन त्या हावडा मेलने कलकत्त्याला आल्या. माहेरी गेल्या त्या पेणवरून, खडखडत का होईना, सडकेने. बोटीत पाऊल म्हणून टाकले नाही. बाबूघाटाहून हावड्याला जाणाऱ्या फेरीतसुद्धा त्या बसत नाहीत, हे आपण सर्वजण जाणतो. त्याला आपण इतकी वर्षे आत्यांचा हेका समजत होतो.

अर्थात आम्ही बेत बदलण्याची तयारी दाखवली. मोटारीने वळसा घेऊन जाऊ म्हटले. सकाळी सहा वाजता आत्या नऊवारी नेसून, डोक्याला रुमाल बांधून, सगळ्यांच्या आधी दारात उभ्या. ‘‘चला,’’ म्हणाल्या. का, ते आम्ही विचारले नाही.

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला लाँच जाते, त्याला तासभर लागतो. ही वाहतूक फार करून पावसाळ्यात बंद असते. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी मोठी बोट सुरू झाली, त्यामुळे आता कुणी आपल्या गाडीतून न उतरताही समुद्र ओलांडू शकतो. आम्ही गेलो तेव्हा ती सोय नव्हती, आणि खरे सांगायचे तर तिचे आम्हाला दुःखही नाही. लाँचच्या वरच्या मजल्यावर, खाऱ्या वाऱ्यात, चिवड्याच्या पुडीवर डोळा ठेवून मागे लागलेल्या पांढऱ्या पक्ष्यांच्या संगतीने समुद्र ओलांडण्यात जे आहे ते मोटारीच्या काचेतून मिळायचे नाही. मुलांनी चिवडा पक्ष्यांना घातला आणि मग भूक लागली म्हणून तक्रार केली.

ताजमहाल हॉटेल लहान होत गेले. आरमाराची करडी जहाजे मागे पडली. समोर धुक्यातून कनकेश्वराचा डोंगर हळूहळू वर येऊ लागला. दक्षिणेला, हवा स्वच्छ असेल तर, खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या दाराशी हा मराठ्यांचा चौकीदार येऊन बसतो हे इंग्रजांना मानवेना. त्यांनी समुद्रात लढाई दिली आणि किल्ला तरीही उभा राहिला. मग सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. आमच्यापैकी ज्यांनी शाळेत हा इतिहास पाठ केला होता ते उभे राहून बोटे दाखवू लागले. मुलांनी विचारले, ‘‘कुठे? कुठे?’’ त्या दिवशी हवा स्वच्छ नव्हती.

आत्या खाली, सुकाण्यावरच्या तांडेलाच्या जवळ बसल्या होत्या. अर्ध्या वाटेवर त्यांनी त्याला विचारले, ‘‘काशाचा खडक कुठे रे?’’ तो तरुण मुलगा. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिले, हात लांब करून करंज्याच्या बाजूला दाखवले आणि विचारले, ‘‘तुमचं कोण होतं, आजी?’’ आत्या म्हणाल्या, ‘‘मामा.’’ पुढे दोघेही काही बोलले नाहीत. त्याने आपले बसायचे स्टूल त्यांच्याकडे सरकवले आणि मांडव्यापर्यंत स्वतः उभा राहिला.

मांडव्याच्या धक्क्यावरून रिक्षाने सासवणे गाठायला फार वेळ लागत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, मधून मधून कौलारू घरे, आणि त्या दोहोंच्या मध्ये, गेल्या काही दशकांत उगवलेल्या, मुंबईच्या धनिकांच्या उंच भिंती. भिंतीच्या आत काय आहे ते दिसत नाही. बाहेर बोगनवेल लोंबते. गाव मात्र अजून गाव आहे. दुपारच्या वेळी कोंबड्यांखेरीज रस्त्यावर कुणी नसते आणि समुद्राचा आवाज न दिसता सगळीकडे ऐकू येतो.

या गावात १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. पोरवयातच चित्रे काढण्याचा नाद. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस ते पडले आणि त्यांनी या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पोचवले. ही गोष्ट आम्हाला मोठी गमतीची वाटते. इंग्रजी अंमलातला कलेक्टर गावात येतो, भिंतीवर शिवाजी पाहतो, आणि मुलाला शिक्षा न करता शिक्षण देतो. १९१३ साली करमरकर कलाशाळेतून मेयो पदक घेऊन बाहेर पडले. पुढे रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांनी त्यांना कलकत्त्याला आणले. सुरेंद्रनाथांचे वडील सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते, तेव्हा त्या घराला मराठी माणूस नवा नव्हता.

इथे थोडे विषयांतर होईल, पण कलकत्त्यात बसून ते टाळता येत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली या शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, ‘मराठा डिच’. त्याच्याच मार्गावर पुढे सर्क्युलर रोड झाला. आजही इथल्या आया मुलांना ‘बर्गी’ येतील म्हणून निजवतात आणि आपली मुले ते ऐकत झोपतात. ज्या शहराने मराठ्यांसाठी खंदक खणला त्याच शहराने सासवण्याच्या मुलाला आसरा दिला, मातीत हात घालायला जागा दिली. आपल्यापैकी कितीजणांच्या आजोबा-पणजोबांची हीच हकीकत आहे, फक्त त्यांची शिल्पे नाहीत, एवढेच.

कलकत्त्याहून करमरकर लंडनला रॉयल अकॅडमीत शिकायला गेले, परत आले, मुंबईत स्थिरावले. पुण्यातल्या शिवाजी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, १९२८ सालचा. साडेतेरा फूट उंचीचा तो पुतळा माझगाव गोदीत ओतला गेला. देवळाच्या भिंतीवर काढलेले चित्र असे धातूत उतरले. एवढे नाव झालेला माणूस उतारवयात आपल्या गावच्या घरी राहायला आला. १९६७ साली ते वारले. त्यांच्या घरच्या मंडळींनी शिल्पे सांभाळली, घर लोकांसाठी खुले ठेवले.

त्या घरात शिरताना प्रथम फसगत होते. अंगणात म्हैस बसलेली दिसते, ती सिमेंटची. आमच्यातल्या एका चिमुरड्याने तिच्यासाठी गवत उपटून आणले. आत शिरावे तर चहूकडे माणसे. गाजलेले पुढारी आहेत, पण त्यांच्यापाशी आम्ही रेंगाळलो नाही. पुढारी आपण सगळीकडे पाहतो. पाय थांबतात ते कोळणीपाशी, गावातल्या साध्या स्त्रीपुरुषांपाशी. त्या किनाऱ्यावर नुकतेच आपण ज्यांच्याजवळून आलो तीच माणसे ती. बाहेर रिक्षावाल्याची जशी हनुवटी होती तशीच हनुवटी आत एका शिल्पावर पाहून आम्ही चकित झालो. बरेचसे काम प्लास्टरमध्ये, सिमेंटमध्ये आहे. खाऱ्या हवेत ते टिकवायचे म्हणजे काय कष्ट पडत असतील ते पाण्याच्या टाकीला दरवर्षी रंग देणाऱ्यालाच कळेल.

आणि मग ‘शंखध्वनी’. ओठांशी शंख धरलेली स्त्री. करमरकरांच्या नावाजलेल्या कृतींपैकी ही एक, हे आम्ही पुस्तकात वाचून गेलो होतो, आणि तेच सगळ्यांना समजावून सांगण्याच्या तयारीत होतो. पण आपल्या मंडळातली बंगाली सूनबाई आमच्या पुढे गेली आणि थबकली. ती रोज संध्याकाळी तुळशीपाशी शंख फुंकते. सासूबाईंनी आधी नाके मुरडली, मग सवय झाली, आता शंख ऐकू आला नाही तर त्याच विचारतात. सूनबाई त्या शिल्पाभोवती एक फेरी घालून आली आणि म्हणाली, ‘‘हिला येतं.’’ एवढेच. ‘‘काय येतं?’’ म्हणून आम्ही विचारले. ‘‘शंख फुंकायला. नुसता हातात धरलेला नाही. ह्यांनी रोज ऐकला असणार.’’ आम्ही आमचे पाठ केलेले भाषण तिथेच गिळले.

आत्या या सगळ्यात फारशा नव्हत्या. त्या दरवाजाजवळच्या बाकावर बसून राहिल्या होत्या आणि दर दहा मिनिटांनी विचारत होत्या, ‘‘झालं का तुमचं बघून?’’

जेवण एका घरगुती खाणावळीत झाले. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सोलकढी; ज्यांना चालते त्यांना सुरमई. भरल्या पोटी वाद उपस्थित झाला. परतीच्या लाँचची तिकिटे साडेचारची होती. मुलांना किनाऱ्यावर जायचे होते आणि त्यांना तसे वचन दिले होते. चिटणीसांच्या हातात घड्याळ होते आणि चिटणीस म्हणजे चिटणीस. आवासचे नाव कुणी काढेना. आदल्या रात्रीच एकाने हळूच सांगितले होते की ते घर आता आत्यांच्या माहेरच्यांकडे नाही, चुलतभावांनी ते केव्हाच विकले. मग तिथे म्हातारीला नेऊन दाखवायचे काय, असा प्रश्न होता आणि तो अगदीच गैर होता असे नाही. आम्ही स्वतः न नेण्याच्या बाजूचे होतो, हे कबूल केले पाहिजे. त्या वादात आत्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या चष्मा पुसत बसल्या. सूनबाईच उठली आणि रिक्षा बोलावून आली.

पाचजण आवासला गेलो. बाकीचे किनाऱ्यावर.

नागेश्वराच्या देवळापासून आत्यांना रस्ता विचारावा लागला नाही. त्या सांगत गेल्या, रिक्षा वळत गेली. आणि एका उंच भिंतीपाशी, लोखंडी फाटकासमोर, त्या म्हणाल्या, ‘‘इथे.’’ फाटकाच्या फटीतून हिरवळ दिसत होती आणि एका पांढऱ्या बंगल्याचा कोपरा. घर नव्हते. ओटीही नव्हती. आम्ही मनात म्हटले, आता काय करावे?

फाटक किलकिले उघडून राखणदार बाहेर आला. तिशीतला, किडकिडीत. मालक नाहीत, आत जाता येणार नाही, असे त्याने मोडक्या हिंदीत सांगितले. आम्ही आमच्या बऱ्या हिंदीत विनंती केली, त्याने मान हलवली. त्याचे हिंदी ऐकून आत्यांनी मान वर केली. ‘‘तोमार बाडी कोथाय?’’ त्यांनी विचारले.

तो मुलगा एकदम सरळ उभा राहिला. ‘‘मेदिनीपूर, माशीमा.’’

पुढचे संभाषण सगळे बंगालीत झाले. कुठले ठाणे, आईबाप आहेत का, पूजेला घरी गेला होतास का, इथे भात कोण शिजवतो. आत्यांनी मग फाटकाच्या आत बोट दाखवून सांगितले, माझा जन्म इथला. राखणदाराने इकडेतिकडे पाहिले आणि फाटक उघडले. आवासच्या लेकीला आवासच्या वाडीत पाऊल टाकायला मेदिनीपूरच्या मुलाची परवानगी लागली, आणि ती मराठीत मिळाली नसती.

जुने म्हणावे असे तिथे एकच राहिले होते, मागची विहीर. वर जाळी बसवलेली, बाजूला पंप. रहाट नव्हता. आत्या जाळीवर वाकून खाली बघत राहिल्या, बराच वेळ. मग उठून त्यांनी कुंपणाकडच्या माडांकडे पाहिले आणि मोजले. ‘‘सहा होते,’’ म्हणाल्या, ‘‘चार आहेत.’’ रडल्या वगैरे नाहीत. रडण्याचे काम आमच्यातल्या इतरांनी केले.

निघताना राखणदाराने दोन नारळ आणून त्यांच्या पुढे धरले. आत्यांनी हात मागे घेतला. ‘‘नको बाबा. दुसऱ्याच्या वाडीतले आहेत.’’ आम्ही म्हटले, घ्या हो आत्या, तो प्रेमाने देतो आहे. त्या म्हणाल्या, ‘‘त्याचे नाहीत ते. माझेही नाहीत.’’ नारळ न घेता त्यांनी आपला कलकत्त्याचा पत्ता त्याला कागदावर बंगाली अक्षरांत लिहून दिला आणि पूजेला गावी जाशील तेव्हा जेवायला ये, असे बजावले.

साडेचारची लाँच अर्थात गेली होती. चिटणीस मांडव्याच्या धक्क्यावर काहीएक न बोलता उभे होते आणि ते न बोलणे आम्हाला अजून आठवते. पुढच्या लाँचमध्ये दाटीवाटीने जागा मिळाली. कुणी पांढऱ्या कांद्याच्या माळा घेतल्या होत्या, त्यांचा वास पुढे हावड्यापर्यंत डब्यात दरवळला. सूर्य खांदेरीच्या बाजूला बुडत होता आणि आता हवा स्वच्छ झाल्यामुळे बेट काळे, स्पष्ट दिसत होते. पण सकाळी बोटे दाखवणारे सगळे झोपले होते. आत्या बाहेरच्या बाजूला कठड्याशी बसून आल्या. आत या, वारा लागेल, म्हणून दोनदा सांगितले, दोन्ही वेळा त्यांनी ऐकले नाही.

त्या वर्षी दुर्गापूजेच्या सुटीत तो मुलगा खरोखरच आला. आत्यांनी त्याला पुरणपोळी वाढली, ती त्याने माशाच्या कालवणाबरोबर खाल्ली, असे आत्या सांगतात. जाताना त्याने पिशवीतून दोन नारळ काढून ठेवले आणि आत्यांनी काही म्हणायच्या आत तो म्हणाला, ‘‘अलिबागच्या बाजारातून घेतले, माशीमा. विकत.’’

कोजागिरीला आपल्या मंडळात दुधाबरोबर नारळाच्या वड्या वाटल्या गेल्या होत्या. वेलदोडा थोडा जास्त झाला, अशी चर्चाही झाली होती. त्या वड्या या नारळांच्या. त्या रात्री आत्यांनी ते कुणाला सांगितले नव्हते.